काच तो साफ है, बाबूजी!

नानांनी तिसरा व्ह्यूफाइंडर डोळ्याला लावला, दुकानाच्या दाराकडे वळवला आणि मान हलवली.

‘‘हाही बिघडलेला आहे. दाराची चौकट मधेच वाकलेली दिसते.’’

दुकानदारानं तो हातात घेतला, कापडानं पुसला, स्वतःच्या डोळ्याला लावला. मग अत्यंत अदबीनं म्हणाला, ‘‘काँच तो साफ है, बाबूजी!’’

दिल्लीत कॅमेऱ्याचा बाजार म्हणजे चांदनी चौकातली कूचा चौधरी ही गल्ली. दोन माणसं समोरासमोर आली, तर एकानं अंग चोरावं इतकी अरुंद. पण कॅमेऱ्याचा कुठलाही जुना-नवा तुकडा शोधायचा, तर दिल्लीकर आधी तिथंच जातो. २०२३च्या जानेवारीत नाना करोल बागेतून मेट्रोनं निघाले, राजीव चौकात गाडी बदलली आणि थंडीत मफलर सावरत या गल्लीत येऊन पोहोचले. वय चौऱ्याहत्तर. काखेतल्या पिशवीत एक जुना, जड कॅमेरा. आणि हाताशी वेळ थोडा.

वेळ थोडा, कारण घर जाणार होतं.

नानांचे वडील मूळचे साताऱ्याकडचे. सरकारी कचेरीत कारकुनी मिळाली, म्हणून दिल्लीला आले आणि १९५१ साली करोल बागेतल्या एका घराचा पहिला मजला त्यांनी भाड्यानं घेतला. फाळणीत रावळपिंडी सोडून आलेलं एक पंजाबी कुटुंब घरमालक. खाली ते, वर हे. नाना तेव्हा दोन वर्षांचे. खालून तंदूरच्या रोट्या वर जायच्या, वरून दिवाळीच्या चकल्या खाली यायच्या. नाना पहाडगंजातल्या नूतन मराठी शाळेत मराठी शिकले आणि जिन्यावर बसून पंजाबी. याच घरात त्यांची मुंज झाली, याच घरात लग्न होऊन माई आल्या, याच घरातून लेक सासरी पुण्याला गेली. घरमालकीणबाईंना सगळी गल्ली ‘बीजी’ म्हणते. त्या आता नव्वदीच्या पुढं. मुलांनी-नातवंडांनी ठरवलं, घर पाडून तिथं बिल्डरकडून नवे मजले बांधून घ्यायचे. करोल बागेत घरोघरी हेच चाललंय, त्यात नवल काही नाही. भांडण नाही, कोर्ट नाही. मार्चअखेर जागा सोडायची, असं ठरलं. नाना आणि माई नॉयडाला मुलाकडे जाणार होते.

बीजींनी एकच मागणं मागितलं. ‘‘तू सारी उमर सरकारच्या इमारतींचे फोटो काढलेस. आता माझ्या घराचा काढ. पुरा काढ. गच्चीच्या कठड्यापासून उंबऱ्यापर्यंत. आणि सगळ्यांना समोर उभं कर.’’

नाना सरकारी खात्यात फोटोग्राफर होते. जुन्या इमारती, पुलांची बांधकामं, नकाशे, दस्तऐवज यांचे फोटो काढण्यात नोकरी गेली. २००९ साली निवृत्त झाले. त्यांचा स्वतःचा कॅमेरा म्हणजे लिनहॉफ टेक्निका. १८८७ साली म्युनिकमध्ये सुरू झालेल्या कंपनीचा. नानांनी तो १९८६ साली एका बंद पडणाऱ्या स्टुडिओकडून घेतला होता, तेही माईंनी भिशीचे पैसे पुढं केले म्हणून. पुढं भिंग, मागं फिल्म आणि मधे घडीचा काळा भाता. १२० नंबरच्या रोलवर सहा बाय नऊ सेंटिमीटरचे आठ फोटो. आठच!

आता कुणी विचारेल, हातातल्या मोबाइलवर क्षणात फोटो निघतो, मग हा खटाटोप कशाला? कारण उंच इमारत. जवळ उभं राहून मोबाइल वर केला, की घर मागं कलल्यासारखं दिसतं, दोन्ही बाजूंच्या भिंती वर एकमेकींकडे झुकतात. मोबाइलमध्ये त्या नंतर ओढूनताणून सरळ करता येतात हे खरं, पण ते मागाहून केलेलं डागडुजीचं काम झालं. टेक्निकल कॅमेऱ्याची युक्ती वेगळी. त्यात कॅमेरा वर करायचाच नाही. तो भिंतीशी समांतर, ताठ ठेवायचा आणि पुढचं भिंग तेवढं खिटी सैल करून वर सरकवायचं. घर ताठच्या ताठ उभं राहतं, गच्चीही चौकटीत येते. नानांच्या भाषेत सांगायचं तर, ‘‘मान वर न करता वरचं बघायचं.’’

अडचण एकच होती. या कॅमेऱ्यात बघायचं कशातून?

त्याची पहिली सोय म्हणजे मागची दुधी काच. डोक्यावर काळं कापड घ्यायचं आणि भिंगातून काचेवर पडलेलं चित्र बघायचं. चित्र उलटं पडतं, डोकं खाली, पाय वर, आणि डावं-उजवंही बदललेलं. उन्हाळ्याच्या दुपारी खोली बंद करून पडलं, की दाराच्या भोकातून आलेला उजेड समोरच्या भिंतीवर रस्त्यावरची माणसं उलटी चालवतो, हे ज्यांनी लहानपणी पाहिलं असेल, त्यांना याचं गूढ वाटणार नाही. प्रकाश सरळ रेषेत जातो. वरचा खाली उतरतो, खालचा वर चढतो. एवढंच.

दुसरी सोय म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायचा व्ह्यूफाइंडर. त्यात चित्र सुलटं, उजळ, छोटं. जे भिंग लावलं असेल त्याच्या आकड्यावर कडं फिरवलं, की चौकट लहान-मोठी होते. नानांकडे तोही होता. पण दिल्लीच्या कितीतरी पावसाळ्यांनी त्याच्या आतल्या भिंगांवर बुरशीचं जाळं विणलं होतं. कपाटातून काढला तेव्हा त्यातून नुसतं धुकं दिसलं.

मग नानांनी आधी दुधी काचेवर सराव करायचं ठरवलं. कॅमेरा घेऊन ते तिब्बिया कॉलेजपाशी गेले. करोल बागेची ही जुनी शान. हकीम अजमल खानांनी उभं केलेलं, आयुर्वेद आणि युनानी वैद्यक शिकवणारं कॉलेज. त्याचं उद्घाटन १३ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते झालं. याच हकीमसाहेबांच्या नावानं करोल बागेत बाग आहे, रस्ता आहे. नानांनी नोकरीत असताना ही इमारत काढली होती. तिच्या सरळ रेषा त्यांना पाठ होत्या.

त्यांनी रस्त्याकडेला ट्रायपॉड उभा केला. काळं कापड डोक्यावर घेतलं. छोटं भिंग दुधी काचेवर टेकवून उजवा डोळा लावला... आणि भिंत पोट काढून उभी!

नानांनी डोळे चोळले. पुन्हा पाहिलं. काचेवर शिशाच्या बारीक रेघांची चौकडी आखलेली असते, इमारत सरळ आहे की नाही ते ताडून बघायला. त्या चौकडीच्याही मधल्या रेघा नागमोडी दिसल्या. जणू पाण्यात पडलेलं चौकटीचं कापड. नानांनी निष्कर्ष काढला, काच खराब झाली. सरकली असेल, नाहीतर उन्हानं काही झालं असेल. जुनी वस्तू, तीस-पस्तीस वर्षं वापरलेली. तिच्यावर विसंबून आठ फोटो वाया घालवण्यापेक्षा चांगला व्ह्यूफाइंडर घ्यावा.

म्हणून कूचा चौधरी. आणि म्हणून तिसरा व्ह्यूफाइंडर नाकारून झाल्यावर दुकानदाराचं ते अदबीचं वाक्य.

दुकानदार म्हातारा, धंद्यात मुरलेला. त्याला राग आला असेल, पण दाखवला नाही. चहा मागवला. मग खालच्या खणातून त्यानं एक वस्तू काढली. तारेची नुसती चौकट आणि मागं भोक असलेली एक पट्टी. जुन्या काळी मैदानावरचे खेळ टिपायला हा तारेचा फाइंडर वापरत. भोकाला डोळा लावायचा, चौकटीत जेवढं दिसेल तेवढं फोटोत येईल. ना भिंग, ना आरसा, ना काच.

नानांनी तो गंमत म्हणून डोळ्याला लावला. समोर गल्लीत विजेचा खांब होता.

खांब मधोमध वाकला होता. आणि जिथं वाकला होता तिथं करड्या रंगाचा एक डाग होता.

नानांच्या हातातला चहाचा ग्लास तसाच राहिला. त्यांनी आयुष्यभर यंत्रांचे दोष शोधले होते. दोष शोधायची रीत त्यांना ठाऊक होती. एकेक भाग वगळत जायचं, शेवटी जो उरेल तो दोषी. दुधी काच वगळली, तीन व्ह्यूफाइंडर वगळले, आता तर काचच नव्हती. मग काय उरलं?

त्यांनी तारेची चौकट डाव्या डोळ्याला लावली. खांब सरळ झाला. उजव्या डोळ्याला लावली. वाकला.

‘‘तुम बराबर बोलते हो,’’ नाना हळूच म्हणाले. ‘‘काँच साफ है.’’

मेट्रोत बसल्यावर त्यांनी पुन्हा पाहिलं. समोरच्या दाराची उभी कड, दांड्यांची रांग, जाहिरातीतली अक्षरं. एक डोळा झाकून, मग दुसरा. दोन्ही उघडे ठेवले, की सगळं ठीक दिसायचं, कारण चांगला डोळा वाईटाला झाकून घेत होता. म्हणूनच इतके दिवस कळलं नव्हतं! पेपर वाचताना मधलं अक्षर कधी कधी गळायचं, पण ते त्यांनी छपाईवर ढकललं होतं.

घरी आल्यावर माईंनी विचारलं, ‘‘मिळाला का हो?’’

‘‘काही पसंत पडलं नाही,’’ नाना म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

दोन दिवस त्यांनी कुणाला सांगितलं नाही. का, ते चौऱ्याहत्तर वर्षांच्या कुठल्याही माणसाला विचारावं. सांगितलं, की सगळे धावपळ करणार, सामान बांधायचं बाजूला राहणार, कॅमेरा काढून ठेवा म्हणणार. आणि फोटो? तो मुलगा मोबाइलवर काढेल. बीजी काही बोलणार नाहीत, पण नानांना कळेल. ज्या हातांनी उभ्या हिंदुस्थानातल्या इमारती ताठ उभ्या केल्या, त्यांना स्वतःचं घर सरळ काढता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी नात आली. आर्किटेक्चर शिकते. तिच्या वहीतला आलेखाचा कागद भिंतीला लावून आजोबा एक डोळा झाकून उभे आहेत, असं तिला दिसलं.

‘‘आजोबा, काय करताय?’’

‘‘काही नाही गं. रेघा मोजतोय.’’

‘‘एका डोळ्यानं?’’

नाना गप्प. नातीनं आजोबांकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, ‘‘रेघा कशा दिसतात?’’ तिच्या आवाजात घाबरणं नव्हतं, म्हणूनच बहुधा नानांनी खरं सांगितलं. ‘‘मधे लाटा आहेत. या डोळ्यानं.’’

त्याच दिवशी संध्याकाळी ते नेत्रतज्ज्ञाकडे होते. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात थेंब घातले, पडद्याचा स्कॅन काढला आणि मग नानांच्या हातात एक छापील कागद दिला. काय होतं त्यावर? चौकडी! आडव्या-उभ्या रेघा, मधोमध एक ठिपका. स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांनी १९४०च्या दशकात प्रचारात आणलेली ही तपासणी. वाचायचा चष्मा घालायचा, कागद फूटभर अंतरावर धरायचा, एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं. रेघा वाकड्या दिसल्या, तुटल्या, मधेच डाग दिसला, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, डॉक्टर गाठायचा. मग दुसरा डोळा.

नानांना हसू आलं. ‘‘बाई, ही चौकडी माझ्या कॅमेऱ्यात आहे. ती मला तेच सांगत होती, आणि मी तिलाच दोष देत बसलो.’’

निदान झालं. मॅक्युलर डिजनरेशन, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाची वयोमानानं होणारी झीज. पडद्याचा हा चिमुकला मध्यभाग वाचायला, चेहरे ओळखायला, सुईत दोरा ओवायला लागतो. झीज दोन प्रकारची. कोरडी सावकाश वाढते. ओल्या प्रकारात पडद्याखाली नको त्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात, त्यांतून पाझर होतो, पडदा उचलला जातो आणि सरळ रेघ वाकडी दिसू लागते. नानांच्या उजव्या डोळ्यात ओला प्रकार होता. त्यावर औषध आहे, ते इंजेक्शननं थेट डोळ्यात देतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण डोळा आधी बधिर करतात. सुरुवातीला महिन्यामहिन्यानं आणि मग गरजेप्रमाणं. ‘‘गेलेली सगळी नजर परत येईल, असं वचन देत नाही,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘पण उरलेली राखायची तर आत्ताच सुरू करायला हवं. उशीर झाला, की हातात फार उरत नाही.’’

मोतिबिंदू सगळ्यांना माहीत असतो. तो पिकतो, शस्त्रक्रिया होते, दिसायला लागतं. ही झीज वेगळी. ती गुपचूप येते, दुसऱ्या डोळ्याच्या आडोशानं. पन्नाशी उलटलेल्यांनी आणि विशेषतः सिगारेट ओढणाऱ्यांनी अधूनमधून एकेक डोळा झाकून घराच्या जाळीकडे, फरशीच्या रेघांकडे बघावं. पैसा लागत नाही, अर्धा मिनिट लागतो.

पहिलं इंजेक्शन झालं. माईंनी रडून घेतलं, मग रागावून घेतलं. ‘‘दोन दिवस लपवलंत! भिशीचे पैसे कॅमेऱ्याला दिले, ते काय यासाठी?’’ नानांनी ऐकून घेतलं. आणि मग सगळ्यांना वाटलं तसं काही झालं नाही. नानांनी कॅमेरा कपाटात ठेवला नाही. उलट टेबलावर काढून ठेवला आणि नातीला म्हणाले, ‘‘आता पहिल्यापासून विचार करू. आतापर्यंत मी कॅमेऱ्यासाठी फाइंडर शोधत होतो. आता डोळ्यासाठी शोधायचा. हा डोळा डावा, पंचाहत्तरीला आलेला, चष्म्यातला.’’

मग आजोबा आणि नात यांची शाळा भरली.

डोक्यावरचा काचेचा फाइंडर चांगलाच. झटपट, सुलटा. पण त्याच्या खोबणीला डोळा अगदी जवळ न्यावा लागतो. चष्मा मधे आला, की कोपरे दिसत नाहीत, आणि चौकटीचे कोपरे दिसले नाहीत तर फाइंडर घ्यायचा कशाला? शिवाय तो भिंगाच्या जागी नसतो, वर असतो. नाकासमोर बोट धरून एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटला तर बोट उडी मारतं. फाइंडर आणि भिंग यांच्यात तसाच फरक पडतो. दोन मीटरवरच्या माणसाचं डोकं त्यामुळं छाटलं जाऊ शकतं. चांगल्या फाइंडरला अंतराप्रमाणं कलायची सोय असते, आणि तीस मीटरवरच्या घराला तर हा फरक नगण्य. पण दुसरी चूक अंतरानं कमी होत नाही. भिंग वर सरकवलं, हे त्या डोक्यावरच्या फाइंडरला कळतच नाही!

नातीनं कागदावर हिशेब मांडला. घरासमोर छोटी बाग आहे, तिथून घर तीस मीटर. भिंग शंभर मिलिमीटरचं. आडव्या फ्रेमची उंची छप्पन्न मिलिमीटर. म्हणजे घराच्या जागी जवळजवळ सतरा मीटर उंची फोटोत येणार, पण निम्मी कॅमेऱ्याच्या वर, निम्मी खाली. कॅमेरा दीड मीटरवर ठेवला तर वर जेमतेम दहा मीटरपर्यंत दिसेल. गच्चीचा कठडा साडेअकरावर. खाली मात्र नुसतं गवतच गवत. भिंग दहा मिलिमीटर वर सरकवलं तर चौकट तीन मीटर वर जाते. कठडा आत येतो, वर थोडं आभाळही उरतं.

‘‘म्हणजे डोक्यावरच्या फाइंडरवर विश्वास ठेवला असता, तर बीजींचा कठडा आहे की नाही हे आपल्याला कळलंच नसतं,’’ नात म्हणाली.

दुधी काच खरं सांगते. भिंग वर गेलं, खाली गेलं, सगळं तिच्यावर दिसतं. पण ती अंधुक, उलटी. कापडाखाली वाकून बसणं आता नानांच्या कमरेलाही मानवत नव्हतं. काचेमागं आरशाचं नळकांडं लावता येतं, त्यानं चित्र सुलटं होतं, डावं-उजवं मात्र उलटंच राहतं. नातीनं मोबाइलमधली सोयही दाखवली. फिल्मचा आकार आणि भिंगाचा आकडा भरला, की पडद्यावर चौकट आखून येते. नानांनी ती कौतुकानं पाहिली. ‘‘हे नवीन माणसाला उत्तम,’’ म्हणाले. पण बागेतल्या उन्हात मोबाइलच्या पडद्यावर त्यांना स्वतःचाच चेहरा जास्त दिसला.

शेवटी निवड झाली ती अशी, की कूचा चौधरीच्या दुकानदारानं कपाळाला हात लावला असता. पुठ्ठा!

फिल्मवरची फ्रेम सुमारे छप्पन्न बाय चौऱ्याऐंशी मिलिमीटरची. तेवढी खिडकी पुठ्ठ्यात कापून डोळ्यापासून शंभर मिलिमीटरवर धरली, की शंभरच्या भिंगाला दिसेल तेवढंच त्यातून दिसतं. पण इतक्या जवळची कड पुसट दिसते. म्हणून नानांनी सगळंच दुप्पट केलं. खिडकी एकशे बारा बाय एकशे अडुसष्टची आणि अंतर वीस सेंटिमीटर. पुठ्ठ्याला दोरी बांधली, वीस सेंटिमीटरवर गाठ मारली. गाठ डोळ्याखाली गालफडाला टेकवायची, दोरी ताणायची, पुठ्ठा भिंतीसारखा ताठ धरायचा. झाला फाइंडर!

आणि याची खरी करामत पुढंच. खिडकीच्या दोन्ही कडांवर नानांनी मध्यावर एकेक खूण केली आणि तिच्याखाली दोन सेंटिमीटरवर दुसरी. समोरच्या दाराची कडी नानांच्या डोळ्याच्या पातळीत येत होती. ती वरच्या खुणेच्या रेषेत धरली, तर भिंग जागच्या जागी असताना काय येईल ते दिसतं. खालच्या खुणेच्या रेषेत धरली, तर भिंग दहा मिलिमीटर वर सरकवल्यावर काय येईल ते दिसतं. भारी किमतीच्या फाइंडरला जे कळत नव्हतं, ते लग्नपत्रिकेच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला कळलं.

कामाची वाटणी ठरली. चौकट नाना ठरवणार, डाव्या डोळ्यानं, पुठ्ठ्यातून. दुधी काचेवर बारीक नेम धरणार नात, तिच्या तरुण डोळ्यांनी.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी, दुकानांची शटरं वर जायच्या आधी, सगळे बागेत जमले. पुण्याहून लेक-जावई आले. नॉयडाहून मुलगा-सून. खालच्या मजल्यावरचं अख्खं पंजाबी खानदान. बीजींना खुर्चीवर बसवून दारापाशी आणलं. घराचं तोंड पूर्वेला, तिरपं कोवळं ऊन सगळ्या गॅलऱ्यांच्या जाळ्यांवर उतरलेलं. नाना पुठ्ठा धरून दोन पावलं मागं गेले, एक पुढं आले, डावीकडे सरकले. विजेच्या तारा थोड्या तरी टळल्या. ‘‘इथं,’’ म्हणाले. ट्रायपॉड तिथं रोवला.

नात कापडाखाली गेली.

‘‘वरच्या गॅलरीची जाळी दिसते?’’

‘‘खाली दिसते, आजोबा.’’

‘‘म्हणजे वरची. तीक्ष्ण आहे?’’

‘‘हो. बीजींच्या चष्म्याची दांडीसुद्धा.’’

‘‘आणि... रेघा?’’

कापडाखालून क्षणभर उत्तर आलं नाही. मग आलं, ‘‘सरळ आहेत, आजोबा. एकदम सरळ. भिंत रेघेवर बसलीय.’’

नानांनी रोल चढवला. सात फोटो काढले, सावकाश, एकेका फोटोला ‘कोई हिलेगा नहीं’ अशी सरकारी आरोळी ठोकत. आठव्या फोटोच्या आधी त्यांनी तारेचं बटण नातीच्या हातात दिलं आणि ते चालत घराकडे गेले. माईंच्या शेजारी एका माणसाची जागा पहिल्यापासून रिकामी होती. ती कुणाच्या लक्षात आली नव्हती. चौकट ज्यानं ठरवली, त्यानं ती सोडून ठेवली होती.

घर आता नाही. २०२३च्या उन्हाळ्यात ते पाडलं गेलं. आठव्या फोटोची मोठी प्रत बीजींच्या खोलीत आहे आणि दुसरी नॉयडाच्या फ्लॅटमध्ये. भिंती ताठ उभ्या आहेत, कठडा पुरा आहे, त्यावर हातभर आभाळ आहे.

नॉयडाच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी दोन खिळे आहेत. एकावर दोरी बांधलेला पुठ्ठा, दुसऱ्यावर डॉक्टरीणबाईंची चौकडी. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत नाना एक डोळा झाकून चौकडीसमोर उभे राहतात, मग दुसरा. त्यांचं झालं, की म्हणतात, ‘‘हं, आता तुझा नंबर.’’

आणि माई पदराला हात पुसत, वाचायचा चष्मा शोधत, येतात.